पाटी नसलेलं दुकान

आमच्या काकूला गावात सगळे ‘थोरली’ म्हणूनच ओळखत. घरात दोन सुना, एक थोरली आणि एक धाकटी. धाकटी म्हणजे माझी आई. ती शिकवायला बाहेरगावी जायची, त्यामुळे तिचं हे नाव घरापुरतंच राहिलं. थोरलीचं मात्र दुकान झालं, आणि दुकानही असं, की त्याचं नाव घेताना बायका आवाज खाली आणायच्या. “थोरलीकडे जाऊन येते गं,” एवढंच म्हणायच्या. ऐकणाऱ्या पुरुषाला वाटायचं, कुणा बहिणीकडे चाललीय.

दुकान मुळात आजोबांचं. मुख्य रस्त्यावर, कोपऱ्यावर. शर्टाचं कापड, फ्रॉकचं कापड, चादरी, पडदे, टॉवेल. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर कापडाची ठाणं. सगळ्यात खालच्या खणात बायकांचे आतले कपडे असायचे. तो खण उघडायचा हक्क फक्त आजोबांचा, आणि तो उघडण्याची एक पद्धत ठरलेली होती. बाई आधी टॉवेल बघणार. मग रुमाल बघणार. मग दुकानातले पुरुष बाहेर जाईपर्यंत पडद्याच्या कापडावरून उगाच हात फिरवत उभी राहणार, आणि शेवटी काउंटरच्या लाकडाला उद्देशून म्हणणार, “ते… खालचं.” आजोबा लगेच पंख्याकडे बघायचे. पंख्याकडे बघत बघतच खाली हात घालायचे, एक पुडकं काढायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि दोऱ्याने बांधायचे. मापं दोनच, लहान आणि मोठं. कोणतं द्यायचं ते आजोबा अंदाजाने ठरवायचे. न बघता त्यांना अंदाज कसा यायचा, हे कोडं कुणी कधी सोडवलं नाही.

“आपल्याकडचं एकही पुडकं आजवर परत आलेलं नाही,” असं आजोबा अभिमानाने सांगत. ते खरंच होतं. भर दुकानात पुडकं सोडून ‘हे मला होत नाही’ म्हणायची कुणाची टाप होती?

काकू लग्न करून या घरात आली तेव्हा तिलाही हेच दोन मापांचं जग माहीत होतं. खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठायचे, पाठीत हूक रुतायचे. “मला वाटायचं, बाईचे खांदे असेच असतात,” असं तिने मला नंतर एकदा सांगितलं. म्हणताना ती हसली, पण हात खांद्यावर गेला.

तिच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत गावाबाहेर तयार कपड्यांचा कारखाना निघाला. हजारो शर्ट तिथे शिवले जायचे आणि खोक्यांत भरून दूरच्या देशांत जायचे. कारखान्याला मुलीच हव्या होत्या. मुलींची बोटं चपळ असतात, असं मालक म्हणायचे. मुली पगार वाढवून मागत नाहीत, हे ते म्हणायचे नाहीत. आधी चार घरच्या मुली बिचकत बिचकत गेल्या. मग त्यांच्या हातात पगार दिसला, तशी कारखान्याची बस भरून जायला लागली.

याचा पहिला फटका बसला तो आजोबांना, आणि तोही अशा बाजूने की त्यांना कळलाच नाही. फ्रॉकचं कापड खपेना. जी मुलगी दिवसभर मशीनवर दुसऱ्यांचे शर्ट शिवते, ती घरी येऊन पुन्हा मशीनवर कशाला बसेल? ती तयार फ्रॉक घेऊन मोकळी व्हायची. आजोबा म्हणायचे, “पोरींना आळस चढलाय आता.” ठाणांवर धूळ चढली ती वेगळीच.

काकू रोज दुपारी डबा घेऊन दुकानात यायची. आजोबा तेव्हा घरी झोपायला गेलेले असायचे आणि काका मागे जाऊन जेवायचे, तेवढा वेळ ती काउंटरवर बसायची. काका म्हणजे वडिलांपुढे ‘हो’ आणि बायकोपुढे ‘बरं’, एवढ्या दोन शब्दांवर संसार केलेला माणूस. जेवायलाही सावकाश. त्या वेळात काकूच्या एक गोष्ट लक्षात आली. सकाळची पाळी सुटली की कारखान्याची बस समोर थांबायची. दोन-तीन मुली उतरायच्या, पलीकडच्या फुटपाथवर उभ्या राहून दुकानाकडे बघायच्या, आपसात काही बोलायच्या आणि निघून जायच्या. रोज तेच. एक दिवस काकू पायरी झाडायच्या निमित्ताने केरसुणी घेऊन बाहेर आली आणि झाडत झाडत थेट रस्त्यापलीकडे पोचली.

“काय हवंय गं तुम्हाला? रोज बघता आणि जाता.”

मुली एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. त्यातली एक धीट होती. ती म्हणाली, “काकू, आत सगळे बाप्येच असतात.”

“मी आहे की आत्ता.”

“तुम्ही विकता?”

काकूने क्षणभर विचार केला. “विकते,” ती म्हणाली.

त्या दिवशी आजोबांचा खण पहिल्यांदा दुसऱ्या कुणी उघडला. आणि पहिल्यांदाच एका मुलीने पुडकं बांधायच्या आधीच माल हातात घेतला, ताणून बघितला आणि म्हणाली, “यापेक्षा बरं नाही?”

काकूने आजोबांसमोर विषय काढला तो जेवणं झाल्यावर, ते खुशीत असताना. दुकानामागे गोदाम होतं. रिकामी खोकी, मोडकी खुर्ची, एक गंजलेली शिडी, असला माल. त्याला मागच्या गल्लीत उघडणारं एक दार होतं.

“मामंजी, ते गोदाम मला द्या. बायकांचा माल मी तिकडे ठेवते. बायकाच येतील, बायकाच घेतील.”

तोंडात घास नव्हता, तरी आजोबांना ठसका लागला. “आपल्या घरची सून चड्ड्या विकणार?”

“आत्तापर्यंत आपल्या घरचे सासरे विकत होते,” काकू म्हणाली.

माझी आई सांगते, की त्यानंतर सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी आधी वडिलांकडे बघून ‘हो’ म्हटलं, मग बायकोकडे बघून ‘बरं’ म्हटलं, आणि पाणी प्यायला निघून गेले. शेवटी आजोबा तयार झाले, पण एका अटीवर. दारावर पाटी लावायची नाही. घराण्याचं नाव त्या मालाशी कुठेही जोडलं जाता कामा नये.

काकूला या अटीचं फार वाईट वाटलं. पाटीशिवाय दुकान म्हणजे नाकाशिवाय चेहरा, असं तिला वाटलं. पण पाटी नव्हती म्हणूनच ते दुकान चाललं, हे तिला पुढे उमगलं. त्या गल्लीत एक दवाखाना होता, एक चावीवाला होता आणि चपला दुरुस्त करणारा होता. गल्लीत शिरणारी बाई पडसं घेऊन निघालीय की तुटकी चप्पल घेऊन, ते बघणाऱ्याला सांगता यायचं नाही. आत आलं की पडदा, पडद्यामागे एक आरसा, एक स्टूल आणि काकू. गळ्यात मापाची टेप.

माप घ्यायला ती एका म्हाताऱ्या शिंपिणीकडून शिकली. घेर वेगळा घ्यायचा, छाती वेगळी, आणि श्वास सोडल्यावर घ्यायचं. पहिल्या काही महिन्यांत तिने ज्या बायकांची मापं घेतली, त्यांतल्या बहुतेक जणी आयुष्यभर चुकीचं माप घालत आल्या होत्या. एक जण नवीन बॉडी घालून पडद्याबाहेर आली आणि खांदे वर-खाली करत राहिली. “कुठे टोचत नाही,” ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंदापेक्षा संशय जास्त होता.

माल पुरवणाऱ्या कंपनीचा एक फिरता एजंट होता, गोल चेहऱ्याचा, कायम घाईत असलेला. काकूने सात-आठ मापांची मागणी दिली तेव्हा तो हसला.

“वहिनी, या गावात दोनच मापं जातात. मी इतकी वर्षं माल टाकतोय.”

“दोनच जातात, कारण तुम्ही दोनच टाकता.”

“पडून राहिला तर परत घेणार नाही हं.”

“मी देणारही नाही.”

माल पडून राहिला नाही. दुकानाची वेळ तिने बसच्या वेळेला बांधली. दुपारी पाळी सुटली की उघडायचं, संध्याकाळची पाळी सुटून बायका घरी पोचल्या की बंद. आजोबांचं समोरचं दुकान जेव्हा गजबजायचं तेव्हा मागचं बंद असायचं, आणि समोर माश्या मारत असले की मागे दाटीवाटी. पगाराच्या दिवशी तर गल्लीतला चावीवाला म्हणायचा, “आज दवाखान्यात साथ आलेली दिसतेय.”

मुली सुरुवातीला पांढरं आणि बदामी न्यायच्या. मग कुणीतरी विचारलं, रंगीत आहे का? काकूने भीत भीत थोडं निळं, थोडं गुलाबी मागवलं. ते दोन दिवसांत संपलं. तिला याचं फार नवल वाटायचं. लोक चप्पल घेतात, घड्याळ घेतात, ते चार लोकांनी बघावं म्हणून. हे तर कुणीच बघणार नाही. दोरीवर वाळतसुद्धा टॉवेलखाली घालणार. मग रंग कशाला?

रस्त्यापलीकडून पहिल्यांदा आलेल्या त्या धीट मुलीलाच तिने एकदा विचारलं. मुलगी तोवर कारखान्यात पर्यवेक्षक झाली होती.

“पगार आईच्या हातात देते काकू,” ती म्हणाली. “भावाची फी त्यातून, घराचं भाडं त्यातून. वरचे कपडे घेतले तर बहीण घालते, आई म्हणते एवढं भारी कशाला. हे तेवढं कुणी मागत नाही, कुणी विचारत नाही. हे माझं.”

काकूने मला ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल! दर वेळी ‘हे माझं’ म्हणताना ती त्या मुलीसारखी हनुवटी वर करायची.

आजोबा गेले तोवर घर मागच्या दुकानावर चालत होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, बोलायचं मात्र कुणी नाही. आजोबांनी शेवटपर्यंत त्या गोदामात पाऊल टाकलं नाही. एकदाच, आजारी असताना, त्यांनी काकूला जवळ बोलावून विचारलं, “तिकडे पंखा आहे का गं?” ती म्हणाली, “नाही, मामंजी.” दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानातला पंखा उतरवून मागे लावला गेला.

काकूचा मुलगा, आमचा बंधू, बाहेर व्यवसायाचं शिक्षण घेऊन परत आला, त्याच वर्षी गावात मॉल उघडला. चार मजली, सरकते जिने, आतून थंडगार. तळमजल्यावरच बायकांच्या आतल्या कपड्यांचं भलंमोठं दुकान, काचेत पुतळे, पुतळ्यांच्या अंगावर लेस. पहिल्या आठवड्यात गाव ते पुतळे बघायला लोटलं. पुरुष सरकत्या जिन्याने उगाचच दोन-दोनदा वर-खाली गेले.

बंधू म्हणाला, “आई, आता लपवाछपवी पुरे. समोरचं कापडाचं दुकान काढून टाकू. काच लावू, दिवे लावू, आपणही पुतळे उभे करू.”

“आणि बायका काचेतून आत येतील?” काकू हसली. “अरे, मी पडद्यावर दुकान उभं केलंय. तू पडदाच काढतोस.”

“तू ज्या मुलींसाठी पडदा लावलास ना, त्यांच्या मुलींना पडदा नकोय.”

दोघांचं बरंच वाजलं. काकांचे दोन्ही शब्द या वेळी कामाला आले नाहीत. शेवटी समोर बंधूची काच लागली आणि मागे काकूचा पडदा राहिला. काकू मनात म्हणत होती, येऊ दे तोंडावर आपटून. पण आपटली तीच. कॉलेजातल्या मुली समोरच्या दारातून बेधडक आत यायच्या, पुतळ्याकडे बोट दाखवून ‘हे दाखवा’ म्हणायच्या, मैत्रिणीला फोनवर फोटो पाठवून विचारायच्या. मागे त्यांच्या आया यायच्या. एकदा तर एक आई मागच्या दाराने आली आणि मधल्या दारातून समोर डोकावली, तर तिची लेक तिथे उभी. दोघी एकमेकींना बघून गोऱ्यामोऱ्या झाल्या, आणि मग इतक्या हसल्या की हातातला माल खाली पडला.

“बंधूचं बरोबर होतं,” काकू म्हणायची. “लाज आटत चाललीय हे मला दिसलं नाही. मी लाजेवरच दुकान मांडलं होतं ना, मग मला कसं दिसणार?”

काही वर्षं बरी गेली. मग कारखाना बंद झाला. भांडण नाही, आग नाही, संप नाही. दूरच्या देशांतल्या दुकानांना आणखी स्वस्तात शर्ट शिवून देणारं दुसरं गाव सापडलं, एवढंच. मशीनं ट्रकांत चढली. शर्ट तेच राहिले, मशीनं तीच, बोटं तेवढी दुसऱ्या मुलींची.

पहिल्या महिन्यात दुकानात गर्दी वाढली. हिशोबाचे पैसे हातात आले होते आणि पुढे काय होईल या भीतीने बायका दोन-दोन जोड जास्तीचे घेऊन ठेवत होत्या. काकूने त्यावरून ओळखलं, आता दिवस कठीण येणार. तिने विचार केला, पैसा नसला की माणूस साधं आणि टिकाऊ घेतो. म्हणून तिने रंगीत माल कमी केला आणि स्वस्त, साधा, पांढरा माल भरून ठेवला.

तो तसाच पडून राहिला. साध्याच्या बाबतीत बायका जुनंच ओढत होत्या. विटलेलं, सैल झालेलं, सुरक्षापिन लावलेलं. नवीन घेतलंच तर एखादं, आणि तेही रंगीत. नोकरी गेलेल्या एका मुलीने गुलाबी मागितलं तेव्हा काकूला राहवलं नाही.

“अगं, आत्ता गुलाबी कशाला?”

“मुलाखतीला जायचंय काकू. वरचा ड्रेस जुनाच आहे. आत तरी नवं असलं की जरा ताठ चालता येतं.”

काकूने तिला गुलाबी दिलं आणि त्या संध्याकाळी पांढऱ्या मालाच्या खोक्यांकडे बघत बसली. चुकलं होतं खरं. पण त्या खोक्यांकडे बघताना तिच्या डोक्यात सुरक्षापिना घोळायला लागल्या. बायका नवीन घेत नव्हत्या, जुनं टाकतही नव्हत्या. मग जुन्याचंच काही करता आलं तर? कारखान्यातून काढलेल्या तिघी तिच्या ओळखीच्या होत्या, त्यांतली एक ती धीट पर्यवेक्षक. काकूने मागच्या खोलीत दोन शिलाई मशीनं टाकली, तिघींना कामाला घेतलं आणि बायकांना सांगायला सुरुवात केली, इलास्टिक बदलून मिळेल, हूक लावून मिळेल, पट्टी बदलून मिळेल.

बंधूने कपाळाला हात लावला. “आई, आपण नवीन विकतो! जुनं दुरुस्त करून दिलंस तर नवीन कोण घेईल?”

“आत्ता तरी कोण घेतंय?” काकू म्हणाली.

ती मशीनं खोलीत होती म्हणूनच पुढची गोष्ट घडू शकली.

एका दुपारी, दुकान उघडायच्या आधीच, मागच्या दारावर टकटक झाली. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या. कडक बाई. त्यांच्या नुसत्या चपलांचा आवाज आला तरी वर्ग गप्प व्हायचा. त्या आत आल्या, स्टुलावर बसल्या, पिशवी मांडीवर घट्ट धरली.

“मला एका बाजूचं हवंय,” त्या म्हणाल्या.

काकूला कळलं नाही. “एका बाजूला हूक असलेलं का बाई?”

“नाही. एका बाजूचं. दुसरी बाजू आता नाही. ऑपरेशन झालं.” हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिल्यासारखं सरळ म्हटलं. मग पुढचं भराभर सांगितलं. मॉलमध्ये विचारलं, तिथली मुलगी म्हणाली, त्याला मागणी नसते म्हणून ठेवत नाही. फोनवरून मागवण्यासारखं होतं, पण त्याची किंमत बघून फोन बंद केला. घरी मोज्यांचा बोळा करून आत घातला, तो वर सरकतो. “मुलींना काही कळू नये म्हणून मी आता फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहिते. हात वर केला की…”

काकूने टेप काढली. माप घेताना तिने त्या जखमेवरून नजर हटवली नाही. आजोबांसारखं पंख्याकडे बघणं तिला सहज जमलं असतं, पंखा तोच होता.

मग आठवडाभर त्या खोलीत चौघींनी डोकं लढवलं. कापूस भरून बघितला, तो हलका, बोळ्यासारखाच वर चढतो. तांदूळ भरून बघितले, वजन बरोबर आलं, पण घामाने भिजले तर? धुवायचं कसं? पर्यवेक्षक म्हणाली, बारीक मणी घालूया. शिलाईच्या सामानाच्या दुकानातून सुटे काचेचे मणी आणले, मऊ कापडाच्या पिशवीत भरले, भोवती कापसाचा थर दिला आणि बॉडीला आतून कप्पा शिवला. मुख्याध्यापिका पडद्यामागे गेल्या. मग काकूला पडद्यावर एक सावली दिसली, हात पूर्ण वर गेलेली, जणू उंच फळ्यावर काहीतरी लिहीत असलेली. हात खाली आला, पुन्हा वर गेला.

बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “ठीक आहे.” पण दारापाशी जाऊन परत आल्या आणि काकूचा हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या.

त्यांनी कुणाला सांगितलं ते काकूला कधी कळलं नाही. पण पुढच्या महिन्यात दुसरी बाई आली, मग रुग्णालयातली एक नर्स येऊन नमुना घेऊन गेली, मग आसपासच्या गावांतून बायका यायला लागल्या. इतक्या बायका, इतकी वर्षं मोज्यांचे बोळे करून जगत होत्या.

बंधूने हिशोब मांडून विचारलं, “आई, यात आपल्याला सुटतं काय?”

“फार नाही.”

“मग?”

“एकटी येत नाही रे ती. बरोबर बहीण असते, लेक असते, सून असते. त्या इथूनच घेतात. एकदा इथे आली की ती मॉलची पायरी चढत नाही.”

बंधूला ते पटलं. त्याने मान डोलावली आणि मागच्या खोलीला आणखी एक मशीन घेऊन दिलं. मला मात्र काकूने नंतर खरं सांगितलं. “हे मी त्याला पटावं म्हणून बोलले गं. त्याच्या भाषेत सांगितलं की त्याला बरं वाटतं. तेव्हा मी असला काही विचार केलाच नव्हता. बाईंचा हात वर गेला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.” मग म्हणाली, “पण झालं मात्र मी त्याला सांगितलं तसंच. म्हणजे तो विचार मला आधीच होता की काय, देव जाणे.”

मग ऊठसूट फोनवरून माल मागवायचे दिवस आले. समोरचं दुकान हळूहळू रोडावलं. मुली पार्सल फोडायच्या, माप चुकलेलं निघायचं आणि ते घेऊन काकूकडे यायच्या. बंधू चिडायचा, “विक्री त्यांची, निस्तरायचं आपण!” काकूने माप घेऊन देण्याचे आणि दुरुस्तीचे पैसे लावले. मुलींनी खळखळ न करता दिले. मॉलमधलं ते लेसवालं दुकान एक दिवस बंद झालं. पुतळे बरेच दिवस काचेआड उघडेच उभे होते. बंधूने आपली काच तशीच ठेवली, पण अर्धी जागा चष्म्याच्या दुकानाला भाड्याने दिली. मागची खोली वाढून शेजारच्या चावीवाल्याच्या जागेपर्यंत गेली.

काकू आता थकलीय. पर्यवेक्षकच दुकान बघते, काकू दुपारी दोन तास येऊन बसते. मी गेल्या महिन्यात गेले होते, तेव्हा तिथेच बसले होते. दार उघडलं आणि एक पुरुष आत आला. बसचा ड्रायव्हर, खाकी शर्ट, हातात टोपी. आत चार-पाच बायका होत्या. सगळ्यांचं बोलणं थांबलं. एक जण पडद्याआड सरकली. तो दारातच थबकला, पण परत फिरला नाही.

“आईसाठी हवंय,” तो म्हणाला. “अंथरुणावर असते ती. हात वर होत नाहीत, मागे हूक लावता येत नाही. मीच कपडे घालतो तिला. बहीण नाही, बायको नाही. समोरच्या दुकानात विचारलं, ते म्हणाले मागे जा.”

काकू म्हणाली, “ये रे बाळा, बस. माप आणलंस का?”

त्याने खिशातून सुतळीचे दोन तुकडे काढले. एकाला एक गाठ होती, दुसऱ्याला दोन. “हा घेर, आणि हा… वरचा,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण शब्द अडले नाहीत. “ती झोपलेली असताना घेतलंय. जरा मागे-पुढे असेल.”

पडद्याआड गेलेली बाई बाहेर आली आणि आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. पर्यवेक्षकने सुतळ्या टेपवर धरल्या. काकू त्याला विचारत राहिली, आईला कुशीवर वळवता येतं का, उन्हाळ्यात पाठीला काय होतं, बटणं चालतील की चिकटणारी पट्टी बरी. तो एकेका प्रश्नाचं उत्तर नीट, आठवून आठवून देत होता. बायका ऐकत होत्या. एकीने मध्येच सांगितलं, “पट्टी नको, त्वचेला घासते. माझ्या सासूबाईंना घासायची. बटणंच लावा, चपटी, समोरून.”

“चपटी, समोरून,” ड्रायव्हरने मान हलवली.

तो गेल्यावर काकूने पर्यवेक्षकला सांगितलं, एकच शिवू नकोस, तीन-चार वेगवेगळ्या मापांत शिवून ठेव. पर्यवेक्षकने विचारलं, “काकू, घेणार कोण?”

“ठाऊक नाही,” काकू म्हणाली. “पण त्याच्यासारखे आणखी असतीलच. त्यांना अजून इथलं दार माहीत नसेल, एवढंच.”